चिंगीची मांडी

माझा हरेश्वरमामा कुत्र्यांना भयंकर घाबरायचा. लहानपणी पापडी गावच्या बाजारात त्याला कुत्रं चावलं होतं आणि पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तेव्हापासून गिरीज गावच्या वाटेवर लांबून जरी कुत्रं दिसलं तरी तो सायकलवरून उतरायचा आणि सायकल कुत्र्याच्या आणि स्वतःच्या मध्ये धरून चालायचा. आम्ही भाचरं हसायचो. तोही हसायचा, पण सायकल सोडायचा नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. मे महिन्यात मी मामाकडे राहायला गेले होते. एका सकाळी केळीला पाणी सोडताना मामा एकदम थबकला. बुंध्याशी एक तांबूस कुत्री पडली होती. दुसऱ्या कुत्र्यांनी तिची मांडी फाडली होती. जखमेवर माश्या बसल्या होत्या, वास येत होता.

“घालवा तिला भायेर,” कृष्णामामी म्हणाली.

“उठता येत नाय तिला. कुठं घालवू?”

मामाने करवंटीत पाणी भरून काठीने तिच्याकडे सरकवलं. मग काठीच्याच टोकाला फडकं बांधून जखमेवर हळद थापली. दोन-तीन दिवसांत जखम वरून सुकली, पण मांडी टरारून फुगली आणि कुत्रीने भाकरीला तोंड लावणं सोडलं.

शेवटी शेजारच्या बर्थामावशी गुरांच्या डॉक्टरांना, ॲन्सेल्मना, घेऊन आल्या. त्यांनी तिचं तोंड फडक्याने बांधलं, जखमेभोवतालचे केस कापून खपली काढली, तर आतून भळाभळा पू आला.

“वरून बुजवू नका, आतून भरून येऊ द्या,” इंजेक्शन देता देता ते म्हणाले. “रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, गोळ्या खायला घाला. वागण्यात काही वेगळं दिसलं तर लगेच मला कळवा. हात उघडे ठेवू नका. आणि आधी असंच तिचं तोंड बांधा.”

“रोज तोंड बांधनार कोन?” मामीने विचारलं.

दुसऱ्या सकाळी मामाच पुढे झाला. हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून, मामीच्या लुगड्याची पट्टी घेऊन तो कुत्रीसमोर उकिडवा बसला.

“बाय माजी, चावू नको हां. मी पन घाबरलोय, तू पन घाबरलीस.”

हे रोज सकाळी चालायचं. ती जखम चाटू नये म्हणून त्याने जुन्या प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून ती बादली तिच्या गळ्यात अडकवली. ती केळीला धडकत फिरायची आणि मामा पोट धरून हसायचा. बोंबलाच्या तुकड्यात लपवलेली गोळी ती गुमान गिळायची. तिचं नाव चिंगी कधी पडलं, ते कुणालाच कळलं नाही.

एकदा जखम धुऊन झाली आणि मामी ओरडली, “अवो, तोंड मोकळंच हाय तिचं!”

मामा पट्टी बांधायलाच विसरला होता. तो हबकून जागच्या जागी बसून राहिला. चिंगीने बादलीसकट मान पुढे केली आणि हनुवटी त्याच्या गुडघ्यावर टेकवली. मामाने कितीतरी वेळ पाय हलवला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

जखम भरली, पण चिंगी थोडी लंगडत राहिली. पुढे कैक वर्षं ती वाडीत होती. तिला पिल्लं झाली तेव्हा मामाने आम्हा सगळ्यांना पेढे वाटले होते. आता तिथे इमारत उभी आहे. मी विरारच्या फ्लॅटमध्ये भाजीला मीठ घालते तेव्हा कधीकधी त्या मे महिन्यातली एक सकाळ समोर येते. पाटाचं पाणी वाहतंय, बर्थामावशी कुंपणावरून विचारतायत, “कशी हाय रे आज?” आणि मामा तिथूनच ओरडतोय, “जेवली! दोन भाकऱ्या जेवली!”