थंड ब्रेकचा पंचनामा

ती जीप आठवली की आजही माझा उजवा पाय आखडतो. पोलीस ठाण्याच्या अंगणात तिचा ब्रेक मी स्वतः दाबून पाहिला होता. घट्ट लागला होता.

सातपाटीला मासे सुकवण्याच्या जागेजवळ पर्यटकांच्या त्या जीपने मासे विकणाऱ्या एका बाईला उडवलं. तिचे दोन्ही पाय मोडले. चालक जव्हारकडच्या एका पाड्यावरचा, पंचविशीतला. पाहुण्यांना डोंगरातल्या कच्च्या वाटांवर फिरवायचं आणि मग किनाऱ्यावर आणायचं, हे त्याचं काम. आठवड्यापूर्वी वाळत घातलेल्या जवळ्यावरून त्याच्या जीपचं चाक गेलं होतं आणि त्यावरून या बाईशी त्याचं जोरदार भांडण झालं होतं. त्यामुळे गावाचं म्हणणं एकच होतं : याने राग धरून मुद्दाम गाडी घातली. मी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला आणि त्याला अटक केली.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "सायेब, मी ब्रेक दाबला. पेडल पार खाली गेला."

"सकाळी मी दाबला तेव्हा लागला की!"

"तवा गाडी थंड व्हती सायेब. तापली की नाय लागत."

माझा हवालदार हसला. "ब्रेक आहे की चहा रे?"

मीही हसलो, हे कबूल करतो. पंचनाम्यात लिहिलं, 'ब्रेक सुस्थितीत'. कोठडी मिळाली.

जखमी बाईचा जबाब घ्यायला आम्ही इस्पितळात गेलो. दोन्ही पायांना प्लास्टर, तरी आवाज बाजारातला. मी विचारलं, "मावशी, त्याने मुद्दाम गाडी घातली ना?"

"मुद्दाम? त्या मेल्याशी मी भांडले, परत भेटला तर परत भांडेन. पन खोटा नाय बोलनार. तो बोंबलत येत व्हता, बाजूला व्हा, बाजूला व्हा! आनि सायेब, माझ्या टोपलीतला बर्फाचा पानी त्याच्या मागच्या चाकावर सांडला. चर्रर्र केला! तापल्या तव्यावर पडल्यासारखा. गाडीचा चाक असा तापतो काय?"

मी लिहिता लिहिता थांबलो.

दुसऱ्या दिवशी पाम गावाजवळच्या मोकळ्या मैदानात जीप नेली. हवालदार चालवत होता, मी शेजारी. फेऱ्या मारत राहिलो. पाऊण तास ब्रेक उत्तम लागला. मग मागून जळका वास येऊ लागला. हवालदाराचा चेहरा बदलला. "साहेब, पेडल खाली चाललंय." पुढच्याच वळणावर तो ओरडला, "साहेब, धरून बसा!" जीप थेट बांधावरच्या झुडपांत घुसून थांबली. मी उतरलो आणि बाटलीतलं पाणी मागच्या चाकावर ओतलं. चर्रर्र.

 आठ दिवस एक खरं बोलणारा माणूस माझ्या कोठडीत बसला होता.

या जीपचे मागचे ड्रम ब्रेक काढून बोईसरच्या एका गॅरेजमध्ये डिस्क ब्रेक बसवले होते. मेकॅनिकला बोलावलं. तो आधी आढेवेढे घेत होता, मग खाली बघत म्हणाला, "साहब, पुराना वॉल्व्ह निकालना था. मालिक बोला, अभी नहीं, टूरिस्ट पार्टी आ रही है."

ड्रम ब्रेकच्या नळीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा तो छोटा वॉल्व्ह. डिस्कला तो दाब चालत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, ब्रेक ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. थंड झालं की पुन्हा सगळं ठीक.

चालकाला विचारलं, "मालकाला का नाही सांगितलंस?"

"सांगितला व्हता. फोनात हाय."

त्याचा फोन आमच्याच कपाटात होता, मुद्देमालाच्या सीलबंद पाकिटात. रीतसर उघडला. त्यातल्या व्हॉइस मेसेजमध्ये मालकाचा आवाज स्पष्ट होता : "अरे, थंड झाला की लागतो ना? मग झालं तर! पाहुण्यांसमोर रडगाणं नको."

मला संताप आला. चकचकीत डिस्क मालकाच्या जाहिरातीसाठी आणि तिची जोखीम डोंगरातून आलेल्या माणसाच्या पायाखाली! चालकाला सोडवलं, मालकावर गुन्हा नोंदवला.

खटल्यात मालकाचा वकील उभा राहिला तो माझाच पंचनामा हातात घेऊन. "ब्रेक सुस्थितीत. हे आपणच लिहिलंत ना?"

"लिहिलं," मी म्हणालो. "गाडी थंड होती. मीही मालकासारखीच थंड गाडी पाहिली आणि समाधान मानलं. चूक माझी आहे."

गरीब माणूस विचित्र वाटावं असं काही सांगतो, तेव्हा हसण्याआधी ते तपासावं. त्याच्या परिस्थितीत, त्याच्या उन्हात जाऊन तपासावं. हे शिकायला मला इतकी वर्षं नोकरी करावी लागली.

मग सरकारी वकिलाने चालकाचा पहिला जबाब माझ्यापुढे ठेवला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं, "गाडी तापली की ब्रेक लागत नाही."

अक्षर माझं होतं.