आक्काच्या वाटणीचं तूप

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. चौथीनंतर लिहायचं काम पडलं नाही, तेवढं समजून घ्यावं. आक्का जाऊन महिना होत आला आणि घरात बोलायला कुणी नाही...

त्या दिवशी माझ्या रघूनं टेम्पो अंगणात आणला आणि खाली उतरलाच नाही. नुसता स्टेअरिंग धरून बसला. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती नांद्याला भावाकडं गेली होती, तिला आणायलाच रघू गेला होता. मी दारातनंच विचारलं, "आक्का आली का रं संगं?" त्यानं मान हलवली, आणि मला कळलं.

आम्ही दोघी एकाच आठवड्यात बाळंत झालो. तिचा संतोष दिवस भरून आला, माझा रघू सातव्या महिन्यातच. आम्हा दोघींनाही घोटावड्याहून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. दिवस भरलेल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात चरबी किती असते, ते तिथल्या डॉक्टरीणबाई तपासत होत्या. आम्हाला विचारून त्यांनी दोन्ही पोरांच्या नाळेतलं रक्त घेतलं. रघू काचेच्या पेटीत, मूठभर. "ह्याच्या अंगाला मांस न्हाई, आन् चरबी कुटनं घावायची?" आक्का म्हणाली, तेव्हा डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. पण सापडली. संतोषपेक्षा रघूच्या रक्तात जास्त.

सासूबाईंनी त्याचा अर्थ असा लावला, की आईनं खाल्लेलं तूप पोराच्या रक्तात उतरलं. घरी आल्यावर माझं तूप, खोबरं, डिंकाचे लाडू, सगळं बंद झालं. ताटात वाटीभर भात आणि पातळ वरण. मी तोंड उघडलं नाही, माझा स्वभावच तसा. दूध आटत चाललं. रघू ओढून ओढून थकायचा आणि रडायचंही सोडून झोपी जायचा... हा काही राहत नाही, असं मला मनातून वाटायला लागलं होतं.

आक्कानं ते ओळखलं. स्वतःच्या वाटणीचं तूप ती माझ्या भाताखाली दडवायची. "खा गप. आत्याबाईंनी इचारलं तर सांग, जाऊ लई हावरट हाय, समदं एकटीच खाती." रघूला ती स्वतः पाजायचीही, एका मांडीवर संतोष, दुसरीवर हा. मग तपासणीच्या दिवशी तिनं सासूबाईंना हाताला धरून डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं. "ह्यास्नी सांगा, हिनं खायाचं का न्हाई ते."

बाई म्हणाल्या, "लवकर जन्मलेल्या बाळांत असं दिसतं, आजी. तुपानं नाही झालं ते. हिला पोटभर जेवू द्या."

घरी येऊन सासूबाईंनी तुपाची बरणी माझ्यापुढं आदळली. "घे, आता बरणीबी खा." रघूनं त्यानंतर बाळसं धरलं.

आक्काच्या दहाव्याला घाटावर संतोषच्या शेजारी रघूही न्हाव्यापुढं बसला. भावकीतले एक म्हातारे ओरडले, "ऊठ रं! तुजी आय जित्ती हाय की." रघूनं माझ्याकडं पाहिलं. चार माणसांत मी कधी बोलले नव्हते. असल्या वेळी आक्काच बोलायची. मी पदर सावरला आणि म्हणाले, "बसू द्या त्याला. त्याची बी आय गेलीया."

न्हाव्यानं वस्तरा उचलला.

घरी आल्यावर मी तडक आक्काच्या खोलीकडं गेले, आज मी बोलले म्हणून सांगायला... खाट भिंतीशी उभी करून ठेवली होती. मी तिथंच जमिनीवर बसले, आणि घाटावर बोललेलं पुन्हा एकदा, हळू आवाजात, त्या खोलीत बोलले.