इतिवृत्तात नसलेलं वाक्य

सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणायचं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराचे आराखडे तपासायला विधिमंडळाची एक समिती होती. तिच्या बैठकीत कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द टिपून इतिवृत्त तयार करणारे लघुलेखक म्हणजे हे. कोपऱ्यातल्या डुगडुगत्या टेबलाशी बसून एकतीस वर्षं त्यांनी शिपायांपासून सचिवांपर्यंत सगळ्यांची वेतनश्रेणी वाढताना ऐकली. फक्त लघुलेखकांची तेवढी नाही. वाढीसाठी नावं खात्यांकडून यायची, आणि समितीच्या लघुलेखकांना खातंच नव्हतं!

निवृत्तीला दोन महिने उरले होते. आता श्रेणी वाढली तर पेन्शन वाढणार, नाहीतर आहे त्यातच जन्म काढायचा.

“अहो, त्यांच्या समोरच तर बसता. तोंड उघडा की एकदा!” बायको म्हणाली.

“आपण बैठकीत बोलायचं नसतं. आणि बोललोच तरी ते लिहायचं नसतं.”

यातला दुसरा नियम त्यांनी प्राणापलीकडे जपला होता. चहावाल्याचं ‘साखर संपली’ नव्या लघुलेखिकेनं एकदा इतिवृत्तात घेतलं, तर पठ्ठ्यानं तिच्याकडून अख्खं पान पुन्हा लिहून घेतलं.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी चष्मा मिटत सहज विचारलं, “कोणी राहिलं का?”

हे उभे राहिले.

“साहेब, आम्ही लघुलेखक राहिलो.”

“अरे, हे बोलतातही!” एक सदस्य म्हणाले आणि सगळे हसले. अध्यक्ष जरा ओशाळले. “मंजूर,” म्हणाले.

त्या संध्याकाळी स्वारी शीळ घालत घरी गेली.

महिन्याभरानं वित्त विभागाचं पत्र आलं. ‘बैठकीच्या अखेरीस अध्यक्षांनी “मंजूर” म्हटल्याची नोंद आहे. काय मंजूर केले, याचा बोध होत नाही. इतिवृत्त तपासून खुलासा करावा.’ पत्र अर्थातच त्यांच्याच टेबलावर आलं.

“सर, तुमचं वाक्य घाला ना त्यात,” लघुलेखिका काकुळतीला आली. “मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

मोह झाला. डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला सांगा! मग त्यांनी पेन उचललं आणि सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं, ‘इतिवृत्त तपासले. अचूक आहे.’

खाली सही केली, आणि घरी काय सांगायचं याचा विचार करत ते तसेच बसून राहिले.