वाचवलेलं वर्ष

बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जेवढे मराठी काका राहायचे, त्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस पहिल्या जूनला असायचा. बाबांचाही. बाबा मआमीरजवळच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या गोऱ्या साहेबाने एकदा वाढदिवसांची यादी वाचून त्यांना विचारलं होतं म्हणे, तुमच्याकडे बायका वर्षातून एकाच दिवशी बाळंत होतात का? बाबांनी 'येस सर' म्हणून विषय मिटवला. खरं सांगायचं तर गावाकडचे गुरुजी सांगावे लागले असते. पोराला शाळेत घालायला आणलं की आईबापाला जन्मतारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजींना एकच तारीख पाठ असायची. ती लिहिली की पोरगं जन्मलं.

माझ्या धाकट्या भावाची तारीख मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेली गावची माणसं दुसऱ्या दिवशी नागपूरहून परतली, त्याच संध्याकाळी तो झाला, असं आई सांगायची. म्हणजे ऑक्टोबर. पण शाळेत घालताना तो पावणेपाचाचाही नव्हता आणि नियम होता साडेपाच पूर्णचा. बाबा तेव्हा सुटीवर गावी आले होते. "पोरगं हुशार हाय गुरुजी," ते म्हणाले, "कायले वर्स वाया घालवता?" गुरुजींनाही ते पटलं. त्यांनी महिना जून केला आणि साल एकाने मागे नेलं. चहा निवायच्या आत माझा भाऊ सव्वा वर्षाने मोठा झाला. एवढ्या झपाट्याने तो पुढे कधीच वाढला नाही.

पोराचं एक वर्ष वाचवलं, असं बाबा कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायचे. माझं वर्ष वाचवायची कुणाला घाई नव्हती, त्यामुळे माझी जन्मतारीख खरी आहे.

मग बाबांनी आम्हाला बहरीनला आणलं. इथल्या शाळेने भावाचं इंग्रजी ऐकलं आणि त्याला एक वर्ष मागे बसवलं. वाचवलेलं वर्ष असं आल्या पावली परत गेलं. वाढवलेलं वय मात्र कुणी परत घेतलं नाही, आणि बारावीच्या तोंडावर ते आडवं आलं.

मुलगा अठराचा झाला की त्याला बापाच्या व्हिसावर राहता येत नसे. मुलीचं तसं नव्हतं, लग्न होईपर्यंत ती बापाची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कायद्याच्या लेखी मी तान्हं बाळ होते आणि लग्न टाळण्याची काळजी घेतली असती तर साठीतही बाळच राहिले असते. आणि माझा भाऊ, जो खऱ्या वयाने सतराचाही नव्हता, ज्याला दूध उतू चाललंय हे दिसलं तरी गॅस बंद करायला आई लागायची, तो पहिल्या जूनला सकाळी कर्ता पुरुष होणार होता. त्याची शाळा इथे, मित्र इथे, बोर्डाची परीक्षा इथे. हे सगळं सोडून त्याला जावं लागणार होतं.

आपल्या देशानेही याबाबतीत काही कमी डोकं चालवलेलं नाही म्हणा. अठराव्या वर्षी माणसाला सरकार निवडता येतं. बायको निवडायला मात्र एकविसावं लागतं, कारण तिथे चूक झाली तर पाच वर्षांनी बदलता येत नाही.

बाबा भावाला घेऊन कंपनीच्या मंदूबकडे गेले. मंदूब म्हणजे व्हिसाची कामं करणारा बहरिनी माणूस. माझाही व्हिसा रिन्यू करायचा होता, म्हणून मीही बरोबर होते. माझं काम लगेच झालं. मग त्याने भावाचा पासपोर्ट उघडला.

"ये खलास," तो म्हणाला. "अब बडा आदमी."

"बडा नहीं है साब," बाबा म्हणाले. "सोला का है. गाँव के मास्टर ने डेट गलत लिखा."

मंदूबने भावाकडे नीट पाहिलं. फुटावं की नको या विचारात असलेल्या त्याच्या मिशीकडेही पाहिलं. त्याला बाबांचं पटलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्याने बाबांना विचारलं, "तेरा डेट क्या?"

"फर्स्ट जून."

"और इसका?"

"फर्स्ट जून."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "बोलो, मैं ऊपर जाके क्या बोलूं? बेटे का झूठ है, बाप का सच है?"

बाबांच्या पासपोर्टवर त्यांची नोकरी होती, नोकरीवर आमचा फ्लॅट, आणि त्यावर आम्ही सगळे. बाबांनी समोरचा चहा संपवला. "दोनो बराबर है," ते म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढीच कीवही आली.

मंदूब मनाने चांगला होता. निघताना म्हणाला, "काम का व्हिसा मिलेगा, इंशाल्ला. हेल्पर." म्हणजे वर्गात बसायला भाऊ फार मोठा होता, पण मआमीरला पाइप उचलायला अगदी योग्य वयाचा. बाबांनी 'नको साब' म्हणून पासपोर्ट खिशात घातले.

मेच्या अखेरीस तो नागपूरला मावशीकडे गेला. एअरपोर्टवर रुबाबात म्हणाला, "डोन्ट वरी, आय ॲम अ बिग मॅन नाऊ." आईला तेवढं इंग्रजी कळत होतं, ती रडली. कारखान्यातल्या काकांनी बाबांना धीर दिला, की पोरगा लवकर हाताशी आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईने खीर केली आणि नागपूरला फोन लावला.

"आज सतरा भरले तुले," ती म्हणाली.

फोनचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. मग मराठीत, जे तो आमच्याशी कधी बोलायचा नाही, त्याने विचारलं, "मग मी घरी येऊ का?"

आईने फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"एकच वर्स तं हाय, बेटा," ते म्हणाले.