सखूचा आवाज

परवा नातीची ओली पाटी पुसताना त्या वासानं मी संस्थानाच्या काळातल्या, वेल्ह्याजवळच्या आमच्या शाळेत जाऊन पोचले.

धाकटी बहीण सखू घरी अखंड बडबडायची, शाळेत मात्र एक शब्द बोलत नसे. त्या दिवशी गुरुजींनी छडी उगारून तिला कविता म्हणायला सांगितली. तिचा आवाज फुटेना. मला लाज वाटली. मी तिला जोरात चिमटा काढला.

घरी येताना वाटेत ती म्हणाली, "आक्का, म्या लई जोर लावला. गळा उघडतच न्हाई."

तिला मी हट्टी समजत होते. ती भ्यालेली होती.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "गुर्जी, तिला माज्या कानात म्हणू द्या. तुमी तिकडं तोंड करा."

गुरुजी पाठ फिरवून उभे राहिले. सखू माझ्या कानात कविता म्हणू लागली. शेवटची ओळ त्यांनाही ऐकू गेली, पण ते वळले नाहीत.