आठ फेरे, दोन तारा

गुणवंत साळवीला किळस येणार नाही अशी एकही वस्तू त्या दुकानात नव्हती. दुबईच्या बर दुबई भागात, मीना बझारच्या मागच्या गल्लीत परेश दळवीचं वेपचं दुकान. तोंडाने ओढायची, धूर सोडायची यंत्रं तिथे विकत आणि दुरुस्तही करून देत. दार उघडलं की गोड, चिकट वास अंगावर येई. स्ट्रॉबेरी, बबलगम आणि आंबा. आंबा म्हणे! संगमेश्वरात जन्मलेल्या माणसाने लोकांच्या नाकातून सुटलेला आंबा हुंगत पगार घ्यायचा, याहून विटंबना ती कोणती? दुपारचा डबा उघडला की कुळथाच्या पिठीलाही तोच वास मारे. गुणवंत चार घास कसेबसे गिळी आणि डबा बंद करून टाकी.

त्यात गिऱ्हाइकं! थेट तोंडातली नळी काढून त्याच्या हातात देत, ओठांची ओल तशीच. मग गुणवंत शेजारच्या खोक्यातून टिश्यू ओढून आधी नळी पुसे, मग आपली बोटं एकेक करून पुसे. आतली कॉइल, म्हणजे तापून धूर करणारी तारेची गुंडाळी, काढली की तिच्यातला जळका, काळा कापूस निघे. तो बघून त्याला मळमळे. संध्याकाळपर्यंत टेबलाखालची टोपली टिश्यूंनी भरलेली असे.

"काका, रोजचा एक बॉक्स संपवता तुम्ही," परेश कुरकुरे. "जरा लाईटली घ्या ना. कस्टमरला ऑकवर्ड होतं."

"लाळ गळती नळी माझ्या हातात देतात मेले, तेव्हा नाही होत ऑकवर्ड?" गुणवंत म्हणे, आणि आणखी एक टिश्यू ओढी.

मुळात हा माणूस मोटारी भरणारा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात बावीस वर्षं त्याने पंपांच्या जळलेल्या मोटारी उकलून, नव्या तांब्याच्या तारेने भरून दिल्या. त्या वर्कशॉपात वॉर्निशचा वास असे, तो त्याला अत्तरासारखा वाटे. भरलेली मोटार पहिल्यांदा फिरली की त्याला बरं वाटे, पण ते तो कुणाला बोलून दाखवत नसे. पुढे लोक जळलेला पंप भरून घेण्यापेक्षा नवाच आणू लागले आणि वर्कशॉप बंद पडलं. चोपन्न वर्षांच्या कारागिराला कोण घेणार? परेशने घेतलं, व्हिसाही काढला. तार वळायला असा हात शोधून मिळाला नसता, हे त्या डोंबिवलीच्या पोराने बरोबर हेरलं होतं.

गुणवंतच्या कॉइली पाहायला माणसं थांबत. जाड तारेचे आठ फेरे, एकाला एक खेटून. रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पॉइंट तीन ओहम. पाकिटांवर परेशने तसे स्टिकरच छापून घेतले होते. गुणवंत सुरुवातीला प्रत्येक कॉइल मीटरला लावून बघे. मग बघेनासा झाला. आठ फेरे म्हणजे पॉइंट तीन, त्यात बघायचं काय? आणि खरं सांगायचं तर या चोखण्याच्या धंद्यासाठी एवढी निगुती करायची त्याला लाजच वाटे. मोटारीसाठी मीटर काढावा. थुंकीच्या नळीसाठी कसला मीटर!

उन्हाळ्यात परेशने टूम काढली. "काका, आता ट्विस्टेड कॉइल चालतात. दोन तारांना पीळ घालायचा. फ्लेवर जबरदस्त येतो म्हणे. यल्ला, वीस पीस बनवा."

गुणवंतने दोन तारांची टोकं टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात घट्ट पकडली, दुसरी टोकं ड्रिलच्या तोंडात घातली आणि ड्रिल हळूहळू फिरवलं. सुरेख पीळ बसला. मग नेहमीसारखे आठ फेरे घेतले. घात झाला तो इथेच. मोटार भरताना हवी ती जाड तार मिळाली नाही की कारागीर दोन बारीक तारा जोडीने घेतो. दोन मिळून जाडी तेवढीच होते, म्हणून फेरेही तेवढेच ठेवतो. बावीस वर्षांत ही गोष्ट गुणवंतच्या बोटांत मुरली होती. पण परेशने बारीक तार आणलीच नव्हती. रीळ जुन्याच जाड तारेचं होतं. तीच जाड तार दुहेरी झाली आणि विजेला दोन वाटा मिळाल्या. पिळामुळे तार थोडी जास्त लागली, तेवढंच काय ते भरून निघालं. बाकी रेझिस्टन्स निम्म्यावर आला. मीटरने क्षणात सांगितलं असतं, पण गुणवंतने मीटर उचललाच नाही. त्याने वीस पाकिटांवर तेच स्टिकर डकवले आणि बोटं पुसली.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी दुपारी, उमर आला. गल्लीच्या तोंडावरच्या शिंप्याकडचा कटर. गुणवंतला त्यातल्या त्यात खपणारं हे एकच गिऱ्हाईक, कारण तो नळी पुसून देई. त्याचं यंत्र म्हणजे नुसती पितळी नळी. आत बॅटरी, वर कॉइल, मध्ये सांभाळून घेणारं सर्किट कसलंही नाही. आज त्याचा उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता, फक्त दोन बोटांची टोकं बाहेर दिसत होती. त्याने डावा हात पुढे केला. गुणवंतने तो हातात घेतला आणि सोडल्यावर, सवयीने, टेबलाखाली टिश्यूला बोटं पुसली. उमरने ते पाहिलं.

"बैटरी फट गई, चाचा. हाथ में ही," तो म्हणाला. "डॉक्टर बोलता है, अंगूठा पहले जैसा नहीं मुड़ेगा. कैंची का हाथ था." मग ओशाळं हसला. "गलती मेरी ही होगी. टेढ़ी बिठाई होगी मैंने. आपकी कॉइल में तो गड़बड़ हो ही नहीं सकती."

"हाँ भाई, और बैटरी भी डुप्लिकेट होगी," परेश घाईने म्हणाला. "मार्केट में बहुत आती है."

गुणवंतच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की भोगा आता, चोखा अजून! तरी त्याचा हात खणाकडे गेला. पिळाच्या कॉइलीचं एक पाकीट उरलं होतं; विकलेल्यांतलं एक उमरने नेलं होतं. त्याने कॉइल मीटरला लावली. पॉइंट सोळा. पॉइंट तीनच्या जवळजवळ निम्माच. त्याने टोकं घासून पुन्हा लावली. पॉइंट सोळा. आणि मग हिशेब आपोआप मांडला गेला. चौदा अँपिअरच्या जागी सव्वीस. उमरच्या बॅटरीला वीसच्या वर झेपणारच नव्हतं.

त्याने मीटर तसाच टेबलावर ठेवला.

परेशने मीटरचा आकडा पाहिला आणि मराठीत, आवाज खाली आणून म्हणाला, "काका, गप्प बसा. तो स्वतःच म्हणतोय ना माझी चूक? कम्प्लेंट झाली तर दुकान बंद होईल. आणि व्हिसा माझ्याकडे आहे तुमचा. खलास होईल सगळं."

गुणवंतला ते पुरतं समजत होतं. गप्प राहणं तर फार सोपं होतं. उमर उठून जाणार होता, जन्मभर स्वतःला बोल लावणार होता, आणि गुणवंत उद्या डबा घेऊन इथेच येऊन बसणार होता. त्या कल्पनेनेच त्याला शिसारी आली.

"उमर, बैठ," तो म्हणाला. "तेरी गलती नहीं है. मेरी है. तार डबल की और फेरे उतने ही रखे. ये देख."

उमरने मीटरकडे पाहिलं. त्याला आकड्यातलं कळलं नाही, पण गुणवंतचा चेहरा बघून बाकीचं कळलं.

"नापा नहीं था?"

"नहीं."

"क्यों? आप तो कारीगर हो."

यावर थाप मारता आली असती. मीटर बिघडला होता, घाई होती, काहीही. पण गुणवंतच्या तोंडून खरं तेच आलं. "घिन आती है मुझे इस काम से. पीनेवालों से भी. सोचा, इनके लिए क्या नापना."

"उद्यापासून येऊ नका," परेश मागून ओरडत होता. "सामान उचला आणि चालते व्हा!" गुणवंतने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो उमरकडे बघत होता. त्याने शिव्या द्याव्यात, निदान एक ठेवून द्यावी, एवढीच गुणवंतची इच्छा होती.

उमरने शिव्या दिल्या नाहीत. पट्टीबाहेर आलेल्या दोन बोटांनी त्याने गुणवंतच्या खोक्यातला एक टिश्यू ओढला आणि मघाशी पुढे केलेला डावा हात पुसला. तळवा पुसला, मग बोटं पुसली, एकेक करून. टिश्यू टेबलाखालच्या टोपलीत टाकला आणि तो निघून गेला.