पाटी वाळेपर्यंत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळी गटाराची जाळी आहे. तिच्यात पडलेलं पाणी वाटेत कुठेही शुद्ध होत नाही, थेट नदीत जातं. शेजारचा गॅरेजवाला गाड्यांचं काळं तेल तिथेच ओततो. त्यापायी वर्षभर मी वॉर्ड ऑफिसचे खेटे घातले. साहेब दर वेळी तेच सांगायचे, "दंड करायचा अधिकार आहे हो आम्हाला. पण तिथे पाटी कुठेय? पाटी नसताना कारवाई कशी करणार?"

आज सकाळी एकदाचा पालिकेचा रंगारी आला. जाळीमागच्या भिंतीवर त्याने निळ्या रंगात सुरेख अक्षरं काढली : 'या गटारात काहीही टाकू नये. हुकुमावरून.' मला उगाचच भरून आलं. कायदा म्हणजे तरी काय? कुणीतरी एकदा नीट अक्षरांत 'नको' म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकायचं. नदीला तरी आणखी काय हवं असतं?

तेवढ्यात रंगाऱ्याने डब्यातल्या टर्पेंटाइनमध्ये ब्रश खळखळून धुतला आणि तो डबा जाळीवर उपडा केला.

"अहो, आत्ताच काय लिहिलंत तुम्ही?" मी ओरडलोच.

त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "ओली आहे अजून, काका. वाळू तर द्या."

गॅरेजवाला दारातून ऐकत होता. तो लगबगीने आत गेला आणि काळ्या तेलाचे दोन डबे उचलून घेऊन आला. पाटी वाळायच्या आत.